मोकळी केलेली मेमरी कोण वापरतं?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा लिनक्स ड्रायव्हर लोड केला की कर्नल कोसळतो, तोही दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. चूक शोधू कशी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जागा बदलते, म्हणजे मूळ चूक बहुधा दुसरीकडेच आहे. मोकळी केलेली मेमरी ड्रायव्हर पुन्हा वापरतो आहे, असा माझा पहिला संशय. मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं 'केसॅन' हे साधन चालू करून कर्नल पुन्हा कंपाइल करा, २०१५च्या ४.० आवृत्तीपासून ते लिनक्समध्येच आहे. यंत्र मंदावेल, पण मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली आणि नंतर कुणी वापरली, हे तिन्ही अहवालात दिसेल. पुष्कळदा टायमर चालू असतानाच मेमरी सोडलेली असते. मेमरी सोडणारी केफ्रीची ओळ नुसती काढून टाकू नका, त्याने गळती सुरू होते. आधी टायमर थांबवा, मग मेमरी सोडा. आणि चाचणी व्हर्च्युअल मशीनमध्येच घ्या.