स्वातंत्र्यापूर्वीची सिद्धता

मृगाचा पाऊस वेळेवर पडेल कीं नाहीं, हें चाकणच्या शेतकऱ्यास ठाऊक नसतें. तथापि फाळास धार लावून व बियाणें निवडून तो सिद्ध असतो. देशाच्या राज्यघटनेंत पालट होण्याचा संभव दिसूं लागला म्हणजे संस्थांचें कर्तव्यही असेंच असतें. पालटाचा दिवस आपल्या हातीं नसतो. सिद्धता मात्र असते.

जानेवारी १९४४ मध्यें महायुद्ध चालूं होतें. महात्मा गांधी पुण्यास आगाखान पॅलेसमध्यें, तर पंडित नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यांत बंदिवासांत होते. अशा वेळीं जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, डॉ. जॉन मथाई प्रभृति आठ गृहस्थांनीं 'मुंबई योजना' प्रसिद्ध केली. युद्धानंतर राष्ट्रीय सरकार येईल असें धरून, १५ वर्षांत १०,००० कोटी रुपये खर्चून दरडोई उत्पन्न दुप्पट करावें, असा तिचा आशय होता. वीज, यंत्रें, रसायनें अशा मूळ धंद्यांस तिनें अग्रस्थान दिलें. कारण ज्या कारखान्याचें प्रत्येक यंत्र परदेशांतून येतें, त्याचें स्वातंत्र्य अपुरेंच असतें.

परंतु या योजनेनें देश अखंड राहील असें गृहीत धरिलें होतें. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं फाळणी झाली. तागाच्या गिरण्या कलकत्त्याभोंवतीं राहिल्या, आणि उत्तम ताग पिकविणारीं शेतें पूर्व बंगालबरोबर पाकिस्तानांत गेलीं! यास्तव एकाच परिणामावर भिस्त न ठेवितां, आपला माल कोठून येतो व तो मार्ग बंद पडल्यास दुसरा कोणता, याचा विचार आधींच करावा.

कायद्यांचें मात्र निराळें झालें. २६ जानेवारी १९५० रोजीं नवी घटना अंमलांत आली, तरी तिच्या ३७२ व्या कलमानें जुने कायदे बदलेपर्यंत चालूं ठेविले. म्हणून घाबरून न जातां, काय बदललें व काय तसेंच राहिलें, हें संस्थाचालकांनीं वाचून समजून घ्यावें.

आतां आपल्या पिंपरीकडे पाहा. पेनिसिलिन देशांतच व्हावें म्हणून येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं साहाय्य केलें, आणि १९५५ सालीं उत्पादन सुरू झालें. स्वातंत्र्यानंतर आठ वर्षें लोटलीं होतीं! स्वातंत्र्यापूर्वीं, १९४५ सालीं, स्थापन झालेली टेल्को १९६० नंतरच्या दशकांत येथें आली, तेव्हां तिनेंही शिकाऊ कामगारांच्या शिक्षणाची सोय आरंभींच केली.

राज्य एका रात्रींत पालटतें. औषध करणारे व यंत्र चालविणारे हात मात्र वर्षानुवर्षें घडवावे लागतात. ज्या संस्थेंत एकाच वडीलधाऱ्या माणसास सर्व कारभार ठाऊक असतो, ती शांततेच्या काळींही असुरक्षितच असते. यास्तव हिशेब चोख ठेवावे, नियम लिहून ठेवावे आणि पुढची पिढी कामास लावावी. मुलांनो, ती पुढची पिढी म्हणजे तुम्हीच. तुमची शाळेंतील वर्षें हाच तुमचा पेरणीपूर्वींचा काळ होय.