जपानची ओढ आणि आपले सणवार : आवडीकडून आचरणाकडे

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या भागांतील अनेक मराठी घरांत सध्या एक चित्र दिसते. मुले जपानी ॲनिमे पाहतात, त्यातून जपानी भाषेच्या वर्गाला जाऊ लागतात आणि हळूहळू तेथील सण, खाद्यपदार्थ, कपडे, फुलांचे मोसम यांत रमतात. काही पालकांना याचे कौतुक वाटते, तर काहींना काळजी. ‘साकुरा कधी फुलतो हे पाठ आहे, पण दिव्याची आवस कधी असते ते विचारले तर गप्प!’ अशी तक्रार सत्संगाच्या निमित्ताने भेटणाऱ्या माता-भगिनींकडून ऐकू येते.

ही तक्रार खरी आहे, पण तिचे उत्तर मुलांची आवड मोडण्यात नाही. जपानी परंपरा नीट समजून घेतली, तर ती मुलांना आणि आपल्यालाही परत आपल्याच देवघरापर्यंत आणून सोडते. ते कसे, याचा अभ्यास या पाठात करूया.

१. दिल्लीत भेटणारा जपान

जपान आपल्याला वाटतो तितका दूर नाही. दिल्लीची मेट्रो जपानच्या कर्जसाहाय्याने उभी राहिली. गुरुग्रामच्या कारखान्यातून १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, ती सुझुकी या जपानी कंपनीच्या सहकार्याने. साहेब आणि कामगार यांचा एकच गणवेश, एकच उपाहारगृह ही पद्धत तेव्हा आपल्याकडे नवलाची होती. आज गुरुग्राममध्ये अनेक जपानी कुटुंबे राहतात. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जपानी भाषेचे उच्च शिक्षण मिळते आणि लाजपतनगरमधील जपान फाउंडेशनमध्ये भाषेचे वर्ग चालतात.

याहून जवळचा धागा रिंग रोडला लागून असलेल्या इंद्रप्रस्थ उद्यानात आहे. तेथील पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप २००७ मध्ये उभा राहिला. तो निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध संघाचा. या संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटले. पुढे ते ‘फुजी गुरुजी’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्यांच्या संघाचा जप आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेत समाविष्ट झाला. म्हणजे जपानचा भक्तिभाव आपल्या विदर्भाच्या मातीत नव्वद वर्षांपूर्वीच रुजला आहे.

२. ऋतूची दखल घेणे ही एक साधनाच

जपानी माणूस ऋतूकडे फार बारकाईने पाहतो. चीनमधून आलेल्या जुन्या पद्धतीनुसार तेथे वर्षाचे २४ भाग आणि त्यांचे पुन्हा ७२ छोटे भाग केले जात. प्रत्येक छोटा भाग साधारण ५ दिवसांचा. त्यांची नावेही साधी : अमुक दिवसांत बर्फ वितळते, अमुक दिवसांत बेडूक ओरडू लागतात, अमुक दिवसांत अमुक फूल उमलते. पाच दिवसांनी निसर्गात काहीतरी बदलते आणि माणसाने ते पाहिले पाहिजे, हा यातील भाव.

आपल्या शेतकऱ्याकडे हीच दृष्टी आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी पावसाची नक्षत्रे साधारण तेरा-चौदा दिवसांची असतात आणि प्रत्येक नक्षत्राचा पाऊस वेगळा मानला जातो. गावाकडच्या आजोबांना मृग केव्हा निघतो हे तोंडपाठ असते. दिल्लीच्या दहाव्या मजल्यावर मात्र आपल्याला दोनच ऋतू कळतात : एसीचा आणि हीटरचा.

वास्तविक दिल्लीचे ऋतू किती स्पष्ट आहेत! फेब्रुवारी-मार्चमध्ये सावरीची लाल फुले रस्त्यावर पडतात. मे महिन्याच्या उन्हात बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडतो. ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सातविणीचा उग्र वास दरवळतो. त्यानंतर धुके येते. साकुराची फुले आठवड्या-दोन आठवड्यांत गळून जातात, म्हणून जपानी कुटुंबे त्या दिवसांत मुद्दाम झाडाखाली जाऊन बसतात. याला ‘हानामी’ म्हणतात. फुलाचे सौंदर्य आणि त्याची क्षणभंगुरता एकाच वेळी पाहणे, हे त्याचे मर्म. अनित्यतेचा हाच पाठ बहाव्याखालीही मिळतो. त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही, थांबावे मात्र लागते.

३. काही प्रथा आणि त्यांमागील भाव

३.१ वर्षअखेरची स्वच्छता आणि १०८ घंटा : जपानने १८७३ पासून १ जानेवारी हा वर्षारंभ स्वीकारला. त्याआधी घराची कानाकोपऱ्यापासून सफाई होते. ३१ डिसेंबरच्या रात्री बौद्ध मंदिरांत १०८ वेळा घंटा वाजवतात. माणसाच्या मनात १०८ क्लेश असतात आणि एकेका ठोक्याने एकेक गळून जावा, अशी त्यामागे धारणा आहे. आपल्या जपमाळेचे मणीही १०८. दिवाळीआधी आपणही घर आवरतो. घर आवरताना मनही आवरायचे असते, ही जोड जपानी प्रथेत ठळकपणे दिसते.

३.२ सेत्सुबुन : साधारण ३ फेब्रुवारीला, वसंताच्या उंबरठ्यावर, भाजलेले सोयाबीन घराबाहेर फेकून अरिष्ट बाहेर घालवतात आणि सौभाग्याला आत बोलावतात. आपल्या वयाइतके दाणे खातात. ‘इडा-पिडा टळो’ म्हणणाऱ्या मराठी मनाला हे समजावून सांगावे लागत नाही.

३.३ सुयांची पूजा : ‘हारी-कुयो’ ही प्रथा विशेष चिंतनीय आहे. ८ फेब्रुवारीला, काही भागांत ८ डिसेंबरला, वर्षभरात मोडलेल्या शिवणाच्या सुया मंदिरात नेऊन मऊ टोफूमध्ये खोचतात. जन्मभर जाड कापडातून आरपार गेलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी, ही कृतज्ञता. ‘कुयो’ हा शब्द ‘पूजा’ या संस्कृत शब्दाचा अनुवाद म्हणून रूढ झाला. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारे पुजतात, पोळ्याला बैलाची खांदेमळणी होते, आषाढ अमावास्येला समया-निरांजने घासूनपुसून पाटावर मांडतात. त्या दिवसाला ‘गटारी’ म्हणून थट्टेवारी नेले जाते आणि दिव्याची आवस विसरली जाते. मुलाला हारी-कुयो आवडली असेल, तर दिव्याची आवस समजावण्याची याहून चांगली संधी कोणती?

३.४ पितरांचे स्मरण : दोन्ही विषुवदिनांच्या आसपास जपानमध्ये सात दिवस ‘हिगान’ पाळतात. या शब्दाचा अर्थच ‘पैलतीर’. कुटुंबे पूर्वजांच्या समाध्या स्वच्छ करतात, फुले वाहतात. शरद ऋतूतील हिगान बहुधा आपल्या पितृपंधरवड्याच्या आसपास येतो. उन्हाळ्यातील ‘ओबोन’मध्ये पूर्वज घरी येतात अशी श्रद्धा आहे. तिच्या मुळाशी मौद्गल्यायनाने आपल्या आईला परलोकातील यातनांतून सोडवल्याची बौद्ध कथा आहे. काही घरांत काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पूर्वजांनी यावे ते घोड्यावरून लवकर आणि परतावे ते गाईवरून सावकाश! कावळ्याने घास शिवावा म्हणून गच्चीवर वाट पाहणाऱ्या आपल्या माणसांचे प्रेम याहून निराळे नाही.

दिल्लीत वाढणाऱ्या मुलांना आणखी एक कोडे पडते. शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस सुरू होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे पितृपक्षाचे दिवस तेच, पण आपण त्याला भाद्रपद म्हणतो आणि ते आश्विन. जपानमध्येही कॅलेंडर बदलल्यामुळे ओबोन कुठे जुलैत, तर बहुतेक ठिकाणी ऑगस्टमध्ये होतो. तारखेची गणना वेगळी असू शकते, स्मरणाचा भाव एकच.

३.५ चंद्रदर्शन : ‘त्सुकिमी’ म्हणजे शरदाचा चंद्र पाहणे. तांदळाच्या पिठाचे गोळे आणि गवताचे तुरे मांडून कुटुंब चंद्रासमोर बसते. ही पौर्णिमा कधी आपल्या कोजागरीचीच असते, कधी एक महिना आधीची. आटीव दूध पिताना आपण चंद्राकडे किती वेळ पाहतो आणि मोबाइलकडे किती, हे ज्याने त्याने तपासावे.

३.६ रोजचे जेवण : जेवणाआधी जपानी माणूस हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतो, म्हणजे ‘मी नम्रपणे ग्रहण करतो’. जेवणानंतर ‘गोचिसोसामा’ म्हणतो. त्यातील ‘चिसो’चा मूळ अर्थ धावपळ. या ताटासाठी कोणीतरी धावपळ केली, तिची ही पोच. आपण जेवणाआधी श्लोक म्हणतो, ताटाभोवती पाणी फिरवतो. भाव तोच आहे, फक्त तो घाईत हरवू नये.

४. ओळखीच्या देवता, पण अभिमान जपून

अभ्यास पुढे गेला की आनंदाचे धक्के बसतात. जपानमधील ‘बेंझाइतेन’ म्हणजे आपली सरस्वती. तिच्या हाती वीणेऐवजी बिवा नावाचे तंतुवाद्य असते आणि तिची स्थाने बहुधा पाण्याजवळ असतात. ‘कांगितेन’ म्हणजे गणपती. टोकियोच्या आसाकुसा भागातील त्याच्या एका मंदिरात भक्त मुळा वाहतात. यम, इंद्र, ब्रह्मा, कुबेर यांचीही जपानी रूपे आहेत. शिंगोन पंथात ‘गोमा’ म्हणजे होम आजही होतो. जपानी अक्षरमालेतील अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न हा क्रमही संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आला. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोहोचले आणि ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन त्यांच्या हस्ते झाले. दिल्लीत डॉ. रघुवीर आणि त्यांचे पुत्र डॉ. लोकेशचंद्र यांनी आशियातील या सांस्कृतिक संबंधांचा आयुष्यभर अभ्यास केला.

येथे साधकाने सावध राहावे. ‘हे सगळे आपलेच!’ म्हणून छाती फुगवणे सोपे असते. पण बीज कोठून आले यापेक्षा हजार-बाराशे वर्षे त्याला पाणी कोणी घातले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. शिवाय जपानने ते जसेच्या तसे ठेवले नाही. चीन-कोरियातून आलेल्या विचारांत आणि स्वतःच्या शिंतो परंपरेत मिसळून त्याला आपले रूप दिले. दुसऱ्याच्या अंगणातील वेल पाहून आपल्या अंगणात आपण काय जगवले, हा प्रश्न मनात यावा. अहंकाराऐवजी कृतज्ञता जागी झाली, तरच अभ्यास सफल.

५. कौतुक डोळसपणे करावे

कोणताही समाज परिपूर्ण नसतो. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी जपानी भाषेत ‘करोशी’ असा शब्द आहे. वृद्धांचे एकाकीपण हा तेथील मोठा प्रश्न आहे. म्हणून ‘तेथे सगळे चांगले, येथे सगळे वाईट’ असे मुलांसमोर बोलू नये. याउलट ‘परक्यांचे कशाला?’ असेही म्हणू नये. किमोनो घालून फोटो काढणे ही आवड झाली. शाळेत मुले स्वतः वर्ग झाडतात हे वाचून आपण स्वतःची खोली झाडली, तर तो संस्कार झाला. मेट्रोत रांगेत उभे राहणारा माणूस बाहेर पडताच रस्त्यावर कचरा टाकत असेल, तर शिस्त त्याच्या अंगी उतरलेली नाही.

६. आचरणासाठी

• घरात एक वही ठेवावी. महिनाभर दर पाच दिवसांनी मुलांसह आसपासच्या निसर्गातील एक बदल लिहावा : कोणते झाड फुलले, कोणता पक्षी दिसला.
• मुलाने एक जपानी प्रथा सांगावी, आजी-आजोबांनी तिच्या जवळची मराठी प्रथा सांगावी. आजी गावाकडे असेल, तर फोनवर सांगावी.
• येत्या आषाढ अमावास्येला घरातील सर्व दिवे मुलांच्या हातून घासून घ्यावेत.
• जेवणाआधी क्षणभर थांबून, स्वयंपाक करणाऱ्याचे नाव घेऊन आभार मानावेत. जपानीत म्हणा किंवा मराठीत!
• एका रविवारी कुटुंबासह इंद्रप्रस्थ उद्यानातील स्तूपाजवळ दहा मिनिटे शांत बसावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. मी पाळत असलेल्या कोणत्या प्रथेचा अर्थ मला ठाऊक नाही? तो मी कोणाला विचारणार आहे?
२. माझ्या रोजच्या वापरातील कोणत्या वस्तूबद्दल मी कधीच कृतज्ञता व्यक्त केलेली नाही?
३. माझ्या मुलाची आवड मी ऐकून घेतो, की केवळ सुधारू पाहतो?

साप्ताहिक अभ्यासवर्गात या प्रश्नांवर प्रत्येकाने दोन मिनिटे बोलावे. मुलांनाही सोबत आणावे आणि पहिल्यांदा त्यांनाच बोलू द्यावे.