जे सांगायची भीती वाटते, तेच आधी सांगा

जवळपास कोणी नसताना माणसांचे आवाज ऐकू येणं, रस्त्यावरची अनोळखी माणसं आपल्याबद्दलच बोलताहेत अशी पक्की खात्री होणं, आपल्याच घरात आपल्यावर पाळत आहे असं वाटणं. विशीच्या उंबरठ्यावर हे सगळं माझ्या वाट्याला आलं. त्यावर उपचार घेतले, अजूनही घेते. मी नागपूरच्या धरमपेठेत वाढले, कॉलेजही इथूनच केलं. त्यामुळे ओळखीत कुणाच्या मुलाला, कुणाच्या भाचीला असं काही होऊ लागलं की आईला फोन येतो, "वहिनी, तुमच्या पोरीच्या वेळी तुम्ही काय केलं होतं?" मी डॉक्टर नाही. पण या वाटेनं गेलेली आहे. फोनवर जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते.

माझी सुरुवात झोपेपासून झाली. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं, दिवाळी होऊन गेली होती. रात्री डोळा लागेना. पुस्तकातली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागे आणि तरी तिचा अर्थ पोचत नसे. मैत्रिणींचे फोन घेणं बंद झालं. केस विंचरणं, आंघोळ या गोष्टींचाही कंटाळा येऊ लागला. लक्ष्मीभुवन चौकात कोणी हसलं की ते मलाच हसले असं वाटे. पुढे मोबाइलवर ओढणी टाकून झोपायला लागले, कारण त्यातून कोणीतरी बघतंय असं मनानं घेतलं होतं. घरचे म्हणत, परीक्षेचं टेन्शन आहे. मलाही तेच पटत होतं.

मग एका संध्याकाळी आईबरोबर गोकुळपेठ बाजारात भाजी घ्यायला गेले. आई वांगी निवडत होती. मी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांकडे हात नेला, आणि उजव्या कानामागून एका पुरुषाचा आवाज आला, "आता ही सांभार उचलेल." मी जुडी उचलली. "बघ, उचललाच," दुसरा म्हणाला. मागे वळून पाहिलं तर नुसत्या गाड्या उभ्या होत्या. भाजीवाल्या काकूंचा आवाज जितका स्पष्ट, तितकाच तो स्पष्ट होता. तेव्हापासून मी जे करीन त्याचं ते दोघं वर्णन करत राहायचे: आता पाणी पिते आहे, आता रडेल, आता खोटं बोलेल.

बाहेरच्या माणसाला हे समजायला अवघड जातं. तो म्हणतो, "मनातले विचार असतील, लक्ष देऊ नकोस." पण हे विचारासारखं वाटत नाही, ते कानांना ऐकू येतं. असे आवाज येत असताना मेंदूतले ऐकण्याशी आणि बोलण्याशी संबंधित भाग खरोखर सक्रिय असतात, हे मेंदूच्या तपासण्यांत दिसलेलं आहे. म्हणून "असं काही नाहीच" असं सांगून उपयोग होत नाही. ऐकणाऱ्याला ते आहे, आणि त्यानं तो घाबरलेला आहे.

मी हे कोणाला सांगितलं नाही. ते आवाजच सांगू नको म्हणत होते. सांगितलंस तर आईला त्रास होईल, अशी धमकी असे. शिवाय मी नागपुरात वाढलेली. छिंदवाडा रस्त्यावरच्या मनोरुग्णालयाजवळचा चौक आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी पागलखाना चौक आहे, आणि "तिकडे पाठवू का?" ही थट्टा शाळेपासून ऐकलेली. माझ्या लेखी डॉक्टरांना खरं सांगणं म्हणजे त्या फाटकातून आत जाणं होतं. बाबांनी एका डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी फक्त झोप येत नाही एवढंच म्हणाले. झोपेची गोळी मिळाली. जेवढं सांगितलं तेवढ्यावरच उपचार झाला. दरम्यान एका नातेवाइकानं "बाहेरचं काही असेल, एका जाणत्याला दाखवा" असा सल्ला दिला. आईनं तो ठामपणे नाकारला, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

हे उघड झालं ते एका साध्या प्रश्नानं. आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, "कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात का ग? दचकू नकोस. अनेकांना येतात, म्हणून विचारतो."

"हो."

"एक की जास्त?"

"दोघं आहेत."

"काही करायला सांगतात?"

मी बराच वेळ गप्प राहिले. मग सांगितलं. ते अलीकडे मला गच्चीवर जायला सांगू लागले होते. डॉक्टर घाबरले नाहीत, रागावलेही नाहीत. बाबांना आत बोलावून म्हणाले, "हिला आज एकटी ठेवायची नाही. आणि आजच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं." बाबा रात्री माझ्या खोलीच्या दाराशी गादी टाकून झोपले. उपचाराची सुरुवात मी तिथूनच धरते.

डॉक्टरकडे नेमकं काय होतं

न कळल्यानं भीती वाढते, म्हणून हे सांगते. तिथे कोणी पकडून ठेवत नाही, शॉक देत नाही. आधी बोलणं होतं: झोप, भूक, आवाज, संशय, घरात आधी कोणाला असा आजार होता का, गांजा किंवा इतर कुठली नशा, चालू असलेली औषधं. नशेचा प्रश्न आला तर खरं उत्तर द्या. ते पोलिसांसाठी विचारत नाहीत. गांजामुळे असे भास सुरू होऊ शकतात आणि असलेले वाढू शकतात. मग रक्ताच्या तपासण्या होतात, थायरॉईड, साखर, बी-१२ वगैरे. गरज वाटली तर मेंदूचा एमआरआय होतो. शरीराच्या आजारातूनही अशी लक्षणं येऊ शकतात, ती शक्यता आधी तपासून बाजूला करावी लागते.

पहिल्याच भेटीत आजाराचं नाव मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आवाज म्हणजे स्किझोफ्रेनियाच, असं नसतं. तीव्र नैराश्यात, बायपोलरमध्ये, काही प्रकारच्या अपस्मारात, जोराच्या तापात, नशेत आणि जवळचं माणूस गेल्याच्या दुःखातही आवाज येऊ शकतात. झोप लागता लागता क्षणभर कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटणं तर अनेक निरोगी माणसांनाही होतं. स्किझोफ्रेनियाचं निदान करायला लक्षणं किमान काही काळ टिकलेली असावी लागतात, एका निकषानुसार महिनाभर, दुसऱ्यानुसार सहा महिने. म्हणून डॉक्टर थांबून बघतात. उपचार मात्र थांबत नाहीत, ते लक्षणांवर लगेच सुरू होतात. आणि ते लवकर सुरू होणं महत्त्वाचं आहे. असे भास-भ्रम उपचाराविना जितके लांबतात, तितकं त्यातून सावरणं अवघड जातं.

मला गोळ्या सुरू झाल्या. आवाज एका रात्रीत गेले नाहीत. आधी झोप आली. मग आवाजांचा दरारा कमी झाला, ते बोलत पण त्यांचं ऐकलंच पाहिजे असं वाटेनासं झालं. नंतर ते दूर गेले, विरळ झाले. गोळ्यांचे त्रासही झाले. अंग जड व्हायचं, भूक वाढली, वजन वाढलं, हाताला थोडा कंप आला. हे डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदललं, मात्रा कमी केली. या जातीचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये आलं. आता बरीच आहेत आणि एक मानवलं नाही तर दुसरं देता येतं. पण त्रास होतो म्हणून, किंवा बरं वाटतंय म्हणून, मनानं गोळी बंद करू नका. आजार उलटण्याचं ते एक मोठं कारण आहे.

ज्याला होतंय त्याच्यासाठी

जे सांगायची सगळ्यात जास्त भीती वाटते, ते सगळ्यात आधी सांगा. झोप, भूक, डोकेदुखी या गोष्टी आपण सहज बोलतो, आणि निदान ज्यावर अवलंबून असतं ते पोटात ठेवतो. तोंडानं बोलवत नसेल तर कागदावर लिहा: काय ऐकू येतं, कधीपासून, दिवसा की रात्री, आवाज काही करायला सांगतो का, कशाची खात्री वाटते, झोप किती होते. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.

इंटरनेटवर नाव शोधत बसू नका. रात्री दोन वाजता लक्षणं वाचून भीतीच वाढते. नाव ठरवणं डॉक्टरांचं काम, होतंय ते सांगणं आपलं.

घरी सांगवत नसेल तर मावशी, मामा, शिक्षक, मित्र, कोणीही एक विश्वासाचं माणूस निवडा. तेही नसेल तर १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

आवाज तुम्हाला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तर ती वाट बघण्याची वेळ नाही. त्याच क्षणी जवळच्या माणसाला उठवा, दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ ला रुग्णवाहिका मागवा.

घरच्यांसाठी

वाद घालू नका. "कोणी बोलत नाही, वेड्यासारखं करू नकोस" यानं मूल आणखी गप्प होतं. आणि "हो, मलाही ऐकू येतंय" असं खोटंही बोलू नका. आई म्हणायची, "मला नाही ऐकू येत, पण तुला येतंय आणि तू घाबरली आहेस, हे दिसतंय मला." या वाक्यानं मला फार धीर आला. डॉक्टरांनी विचारला तो प्रश्न तुम्हीही थेट विचारा. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात आवाज शिरत नाहीत. मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारा. धोका वाटत असेल तर गोळ्या, फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि माणसाला एकटं सोडू नका.

श्रद्धा असेल तर देवाला नमस्कार जरूर करा, पण त्यासाठी डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहे.

समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांतला फरक लक्षात ठेवा. समुपदेशनाची गरज पडते, मला अजूनही त्याचा उपयोग होतो. पण आवाज येत असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. ते एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात आणि औषध तेच देऊ शकतात.

खर्चाची चिंता असेल तर नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभागाची ओपीडी आहे. आणि ज्याच्या नावानं मी लहानपणापासून घाबरत आले, ते प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून चालू असलेलं सरकारी रुग्णालय आहे. तिथेही ओपीडी चालते, माणसं तपासून, औषध घेऊन घरी जातात. फार थोड्यांना भरती व्हावं लागतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला हक्क दिले आहेत. सरकारी सेवेत उपचार मिळण्याचा हक्क आहे, आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क आहे. विमा कंपनीनं शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावं, असं हा कायदा सांगतो. "पुढे लग्न कसं जमेल, नोकरीत कळेल का" या काळजीनं दवाखाना टाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जमलं तर सगळ्यांनी मिळून 'देवराई' हा सिनेमा बघा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण, दोघांची ओढाताण त्यात आहे. तो पाहून बाबा पहिल्यांदा माझ्याशी आजाराबद्दल मोकळं बोलले. घरच्यांनाही आधार लागतो. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता, म्हणून घरच्यांना काय सोसावं लागतं हे ते जवळून जाणत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दोन कोटींहून अधिक माणसं स्किझोफ्रेनियासह जगतात, आणि हा आजार बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो. म्हणजे कॉलेजच्या प्रत्येक वर्गाला, वसतिगृहाला, शिकवणीला याची माहिती हवी. मी एक वर्ष मागे पडले, पण बी.एस्सी. पूर्ण केलं, आज नोकरी करते. खूप जागरण झालं की अधूनमधून एखादा आवाज डोकावतो. आता मी तो लपवत नाही. त्याच दिवशी आईला सांगते, गरज पडली तर डॉक्टरांना फोन करते. हे वाचणाऱ्या कुणाला आज असं काही होत असेल, तर उद्यावर टाकू नका. घरात जे माणूस जागं असेल त्याच्याजवळ जाऊन एवढंच म्हणा, "मला आवाज ऐकू येतात, मला भीती वाटते, माझ्यासोबत डॉक्टरकडे चल."