आधी पुस्तकं, मग यंत्र

जर्मनीत नव्याने आलेली मराठी मंडळी, जरा ओळख झाली की हमखास विचारतात, "ताई, ई-रीडर कुठला घेऊ?" गरज खरी आहे. पुण्याहून पुस्तकं मागवली तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला गाठतो, आणि २२ युरोपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफीही जुलै २०२१पासून बंद झाली. सुट्टीवरून परतताना बॅगेत पहिली जागा गोडा मसाल्याची. तरी मी उलट विचारते: वाचणार काय, आणि ते आणणार कुठून?

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. इथल्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्याने मला हलका, देखणा रीडर दाखवला. माझ्या भाषेतल्या फायली चालतील ना, असं मी विचारलं, तर म्हणाला, "ईपब असेल तर काहीही चालेल." घरी येऊन मराठी ईपब उघडलं. उघडलं खरं, पण 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे, 'पुस्तक'मधला 'स' पाय मोडून 'त'पासून वेगळा, आणि 'दुसऱ्या' हा शब्द तर ओळखूच येईना. जोडाक्षरं जुळवणं त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरला जमतच नव्हतं. दुसरा फॉन्ट घातला, तरी तेच. खोक्यासकट परत गेले, तर उत्तर मिळालं, यंत्र बिघडलेलं नाही, पैसे मिळणार नाहीत.

कायदा त्यांच्याच बाजूने होता. कारण न देता १४ दिवसांत वस्तू परत करण्याचा हक्क इथे ऑनलाइन खरेदीला आहे. दुकानात हाताळून घेतलेल्या वस्तूला तो नाही, तिथे दुकानदाराची मर्जी. 'बघून घेतलेलं बरं' ही आपली सवय इथे उलटी पडते. म्हणून रीडर ऑनलाइन मागवा आणि पहिल्याच संध्याकाळी स्वतःच्या मराठी फायली त्यात घालून बघा. ऱ्य, ऱ्ह, ज्ञ, ह्रस्व वेलांटी एवढं नीट दिसलं तर ठेवा.

आता कुठला, ते. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी व्यवस्थित दिसतं, २०१६च्या अखेरीपासून त्यांच्या दुकानात मराठी पुस्तकंही आहेत, आणि स्वतःजवळची ईपब फाइल ईमेलने पाठवता येते. पण इथल्या सार्वजनिक वाचनालयांची 'ओनलाये' ही ई-पुस्तकांची सेवा किंडल रीडरवर चालत नाही. जर्मन शिकत असाल, मुलं इथल्या शाळेत असतील, तर हे नुकसान मोठं आहे. त्यासाठी टोलिनो, कोबो किंवा पॉकेटबुक घ्यावा लागतो. (टोलिनो हा जर्मन पुस्तकविक्रेत्यांनी एकत्र येऊन २०१३मध्ये काढलेला रीडर.) अमेरिकेतली बहीण सांगेल, "अगं, माझ्या किंडलवर लायब्ररीची पुस्तकं येतात." येतात, कारण ती सोय अमेरिकेतल्या वाचनालयांपुरती आहे. अमुक दुकानात जर्मन ई-पुस्तकं स्वस्त मिळतात, हेही कोणी सांगितलं तर ऐकू नका. नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कायद्याने ती सगळ्या दुकानांत एकच असते, ई-पुस्तकाचीसुद्धा.

किंडल घेतलाच तर खातं कुठल्या देशाचं आहे ते पाहा. भारतातलं खातं जर्मनीत वळवताना किंडल अनलिमिटेडची वर्गणी सोबत येत नाही. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही २६ फेब्रुवारी २०२५पासून काढून टाकली आहे. पुस्तक आपलं, पण कुलूप त्यांचं, हे मनाशी धरूनच पैसे मोजा.

बुकगंगावरून घेतलेली ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये वाचायची असतात. त्यांच्यासाठी बूक्ससारखा अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर बरा. महाग आहे, बॅटरीही साध्या रीडरइतकी टिकत नाही, पण ओनलायेचं ॲपसुद्धा त्यावर चालतं. मराठी आणि जर्मन दोन्ही नेमाने वाचणाऱ्याने मन घट्ट करून हाच घ्यावा, असं माझं मत झालं आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, तो तर खजिनाच. मात्र सहा इंची पडद्यावर पीडीएफचं अख्खं पान मुंगीएवढ्या अक्षरांत दिसतं, आणि स्कॅन केलेल्या पानातली अक्षरं मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते. अशी पुस्तकं वाचायची तर दहा इंच हवेत.

आणि आईवडील व्हिसावर तीन महिने येणार म्हणून त्यांच्यासाठी रीडर शोधत असाल, तर शोधूच नका. त्यांना सकाळी पेपर लागतो आणि दिवाळी अंक रंगीत लागतो. त्यांच्या हातात साधा दहा इंची टॅबलेट द्या.