दोन आठवणींची तुलना
(इयत्ता सातवी, मराठी)

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि धोंडो केशव कर्वे यांच्या 'आत्मवृत्त' (१९१५) या ग्रंथांत विद्यार्जनाच्या कथा आहेत. रमाबाईंना विवाहानंतर, १८७३ पासून, पतीने शिकविले. शिक्षक घरातच होता आणि विरोधही घरातच होता. कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. परंतु वय लहान दिसते म्हणून त्यांना बसू दिले नाही.

शिक्षकांनी दोन्ही प्रसंग सांगून फळ्यावर प्रश्न लिहावेत :
(१) काय साधावयाचे होते?
(२) अडथळा कोठे होता?
(३) विद्येचा पुढे कोणास उपयोग झाला?

तिसऱ्या प्रश्नाशी दोन्ही वाटा मिळतात : रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनास वाहून घेतले, कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. कोणाचे कष्ट अधिक, ही चर्चा मात्र टाळावी.

नंतर मुलांनी स्वतःची आठवण लिहावी. पोहणे, भाकरी थापणे, काहीही चालेल. एखाद्या मुलीचा अडथळा घरातच असू शकेल; तिचे लेखन तिच्या अनुमतीवाचून वर्गात वाचू नये.