नव्या आवृत्तीची वार्ता

छापलेल्या पुस्तकात चूक आढळली, तर प्रकाशक शुद्धिपत्र छापतो. शिल्लक प्रतींना ते जोडता येते. परंतु ज्या प्रती आधीच विकल्या गेल्या, त्यांच्या मालकांपर्यंत ते कसे पोचवावे, हा प्रश्न तसाच राहतो. आपली प्रत कोणत्या घरी आणि कोणत्या ग्रंथालयात आहे, हे प्रकाशकाला ठाऊक नसते. पुस्तकाच्या बाबतीत त्यामुळे फारसे बिघडत नाही. संगणकाच्या आज्ञावलीच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न गंभीर रूप धारण करतो. आज्ञावली नुसती वाचली जात नाही, ती काम करते. आणि तिच्यातील चुकीचे परिणाम पुष्कळदा तिचे नावही न ऐकलेल्या माणसांना भोगावे लागतात. म्हणून नव्या आवृत्तीची वार्ता देणे हे वरवर किरकोळ वाटणारे काम खरोखर किती जबाबदारीचे आहे, ते आपण या प्रकरणात पाहू.

तयार सांगाडा आणि त्याचे अज्ञात वापरकर्ते

संकेतस्थळ उभारणाऱ्याला काही कामे दर वेळी करावीच लागतात. वापरणाऱ्याची ओळख पटवणे, त्याने भरलेला अर्ज तपासणे, माहिती साठवणे व मागताच ती काढून देणे, ही त्यांपैकी काही होत. ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहिण्याऐवजी एकदाच नीट लिहून ठेवली आणि त्यांभोवती आपापले विशेष काम रचण्याची सोय केली, तर एक तयार सांगाडा मिळतो. यालाच ‘फ्रेमवर्क’ असे म्हणतात. असा सांगाडा मुक्त स्रोत असतो, तेव्हा त्याचे मूळ लेखन कोणालाही वाचता येते, विनामूल्य वापरता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते.

उदाहरणार्थ, ‘जँगो’ हे फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या लॉरेन्स या गावी एका स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली आकारास येऊ लागले. वृत्तपत्राच्या कामात विलंब चालत नसे. म्हणून तेथील आज्ञावलीकारांनी आपल्या सोयीसाठी हा सांगाडा तयार केला. २००५ च्या जुलैमध्ये तो सर्वांसाठी खुला करण्यात आला आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. जँगो राइनहार्ट या विख्यात गिटारवादकाचे नाव त्याला देण्यात आले आहे.

आता येथे एक अडचण वाचकाच्या लक्षात येईल. जी वस्तू विकली जाते, तिच्या विक्रेत्याजवळ गिऱ्हाइकांची यादी असते. जी वस्तू मुक्तपणे वाटली जाते, तिच्या कर्त्याजवळ अशी यादी नसते. जँगोचा उपयोग कोणकोणत्या संस्था करतात, हे त्याच्या कर्त्यांना पूर्णपणे कधीच कळणार नाही. त्यामुळे नव्या आवृत्तीची वार्ता ही पत्ता न लिहिलेल्या पत्रासारखी असते. ती सर्वत्र प्रसिद्ध करावी लागते, आणि ज्याला तिची गरज आहे त्याने ती वाचली असेल, एवढ्यावरच विसंबावे लागते.

चांगल्या वार्तेत काय असावे?

बाजारातील जाहिरात नवलाईवर भर देते. फ्रेमवर्कच्या नव्या आवृत्तीच्या वार्तेने तेवढ्यावर थांबून चालत नाही. तिने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत: नवे काय आले? जुन्यापैकी काय चालेनासे होईल? आणि जुन्या आवृत्तीची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत होईल? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना लेखकाला आनंद होतो. दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे देताना तो संकोचतो. परंतु ज्याने त्या सांगाड्यावर आपले घर बांधले आहे, त्याच्या दृष्टीने ही शेवटची दोन उत्तरेच अधिक मोलाची असतात.

जँगोच्या कर्त्यांनी या बाबतीत काही शिस्त घालून घेतली आहे. साधारणपणे दर आठ महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. एखादी सोय काढून टाकावयाची असल्यास ती एकाएकी काढली जात नाही. आधीच्या आवृत्त्यांमध्ये तसा इशारा दिला जातो, जेणेकरून वापरणाऱ्याला आपले लेखन बदलण्यास अवधी मिळावा. काही आवृत्त्या दीर्घ देखभालीच्या म्हणून जाहीर होतात व त्यांना सुमारे तीन वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळतात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.० या आवृत्तीने पायथॉन भाषेच्या जुन्या, म्हणजे दुसऱ्या पिढीचा आधार सोडला. हा बदल मोठा होता. तथापि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निघालेली १.११ ही आवृत्ती जुन्या पायथॉनवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल आणि तिची देखभाल २०२० च्या एप्रिलपर्यंत होईल, हे आधीच सांगण्यात आले होते. ज्यांना स्थलांतर करावयाचे होते, त्यांना तीन वर्षांचा काळ मिळाला.

वार्ता आणि शर्यत

सुरक्षेतील दोष दुरुस्त करणाऱ्या आवृत्तीची गोष्ट याहून नाजूक आहे. मुक्त स्रोत आज्ञावलीत दुरुस्तीदेखील सर्वांसमोर असते. जुने आणि नवे लेखन शेजारी ठेवून पाहिले, की भगदाड नेमके कोठे होते, हे जाणकाराला समजते; आणि जाणकारांमध्ये चोरही असतात. म्हणजे वार्ता प्रसिद्ध होताक्षणी एक शर्यत सुरू होते. एका बाजूला दुरुस्ती बसवणारे, तर दुसऱ्या बाजूला भगदाड शोधणारे. म्हणून जँगोचे कर्ते सुमारे एक आठवडा आधी, दोषाचा तपशील न सांगता, केवळ दुरुस्तीचा दिवस, वेळ आणि दोषाचे गांभीर्य जाहीर करतात. दुरुस्ती बसवणाऱ्यांनी त्या दिवशी सज्ज राहावे, हा त्यामागील हेतू.

ही शर्यत हरल्यास काय घडते, याचे उदाहरण २०१७ सालीच घडले. ‘अपाची स्ट्रट्स’ हे असेच एक मुक्त स्रोत फ्रेमवर्क आहे. इमारतीला आतून आधार देणारा टेकू, असा त्याच्या नावाचा अर्थ. वापरणाऱ्याने पाठवलेली फाइल स्वीकारण्याच्या त्याच्या पद्धतीत एक दोष सापडला. त्याचा फायदा घेऊन परक्या माणसाला दुरूनच त्या संगणकाला हुकूम देता येत असे. ७ मार्च २०१७ च्या सुमारास दोषाची माहिती व दुरुस्त आवृत्ती ही दोन्ही प्रसिद्ध झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी शासनाच्या संगणक सुरक्षा केंद्राने संस्थांना सावध केले.

नागरिकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘इक्विफॅक्स’ या कंपनीलाही हा इशारा मिळाला. ९ मार्च रोजी तिच्या चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना तो पाठवण्यात आला आणि ४८ तासांत दुरुस्ती बसवावी, असे कळवण्यात आले. परंतु अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने पुढे नोंदवल्याप्रमाणे, इशारा ज्या यादीनुसार पाठवला गेला ती यादीच जुनी होती. दुरुस्ती बसवणे ज्यांचे काम होते, त्यांची नावे तिच्यात नव्हती. नंतर केलेल्या तपासणीतही दोष असलेला संगणक सापडला नाही. नोंदींतील चुकांबद्दल नागरिकांना तक्रार करता यावी, यासाठी असलेले संकेतस्थळ उघडे राहिले. दुसरा पक्ष मात्र जागा होता: १० मार्च रोजीच अज्ञात व्यक्तींनी ते चाचपून पाहिले होते. मे महिन्याच्या मध्यापासून माहितीची चोरी सुरू झाली आणि जुलैच्या अखेरीपर्यंत ती कोणाच्या लक्षात आली नाही. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावे, जन्मतारखा, पत्ते आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक अशी माहिती गेली. २०१९ च्या जुलैमध्ये कंपनीने किमान ५७.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही. ज्यांची माहिती गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी स्ट्रट्स हे नाव तोपर्यंत ऐकलेलेही नसावे.

या घटनेवरून काय शिकावे?

येथे फ्रेमवर्कच्या कर्त्यांनी दुरुस्ती केली होती आणि वार्ताही दिली होती. वार्ता संस्थेच्या दारापर्यंत पोचली. दारापासून हातापर्यंत पोचली नाही. यावरून असे दिसते की वार्तेचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा कर्त्याच्या अधीन आहे. त्याने वार्ता स्पष्ट लिहावी, ती ठरलेल्या ठिकाणी व ठरलेल्या रीतीने द्यावी, आणि मोडणाऱ्या गोष्टी लपवू नयेत. दुसरा टप्पा वापरणाऱ्या संस्थेच्या अधीन आहे. आपण कोणकोणती फ्रेमवर्क वापरतो व त्यांची कोणती आवृत्ती कोठे चालू आहे, याची नोंद तिच्याजवळ असली पाहिजे. आणि वार्ता वाचण्याचे काम एखाद्या व्यक्तीच्या नावावर नव्हे, तर पदाच्या नावावर सोपवलेले असले पाहिजे. माणसे बदली होऊन जातात, निवृत्त होतात. पद तेथेच राहते.

हे केवळ मोठ्या कंपन्यांपुरते खरे आहे असे नाही. भारतातील अनेक ग्रंथालये आपल्या ग्रंथसूचीसाठी व देवघेवीसाठी ‘कोहा’ ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्त स्रोत प्रणाली वापरतात. ती फ्रेमवर्क नव्हे. परंतु तिलाही हाच नियम लागू पडतो. तिच्या आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो, त्यामुळे आपली प्रत किती जुनी झाली आहे, हे ग्रंथपालाला एका दृष्टिक्षेपात कळते. कर्त्याने एवढी सोय करून दिल्यावर तो क्रमांक अधूनमधून पाहणे आणि नव्या आवृत्तीची वार्ता वाचणे, हे काम उरते ते आपले. ग्रंथालयाच्या संगणकात सभासदांची नावे आणि पत्ते आहेत; ते आपल्या विश्वासावर तेथे ठेवलेले आहेत.