एक कावीळ पाण्याची, एक रक्ताची

आमच्या साखऱ्याकडे कोणाचे डोळे पिवळे दिसले की घरची माणसे दोन गोष्टी करतात. आजाऱ्याचे ताट-तांब्या वेगळा काढतात आणि कावीळ 'उतरवणाऱ्या'कडे त्याला घेऊन जातात. कोणी गळ्यात माळ घालतो, कोणी नाकात रस पिळतो. माझ्या नात्यातील एका मावशीचे ताट असेच दोन वर्षे वेगळे होते. ती चुलीपासून दूर एकटी बसून जेवायची. वास्तविक तिचा आजार ताटातून पसरणारा नव्हताच. 'हिपॅटायटिस सी' हे त्याचे नाव. घरच्यांचा त्यात दोष तरी काय? आपल्या भाषेत सगळ्याच प्रकारांना 'कावीळ' हा एकच शब्द आहे.

कावीळ हा मुळात रोग नव्हे; यकृत बिघडल्याची ती खूण आहे. यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच असून त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी नावे आहेत. यांपैकी ए आणि ई हे पाण्यातून व अन्नातून येतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची जी मोठी साथ आली, ती 'ई'ची होती. अशा वेळी पाणी उकळून पिणे, हात धुणे हाच उपाय. 'सी'ची वाट मात्र निराळी. एकाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळल्याखेरीज तो सहसा पसरत नाही.

तर मग रक्त रक्तात मिसळते कसे? पूर्वी रक्ताच्या बाटलीतून. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांना आढळले की, रक्त दिलेल्या काही रुग्णांना ए नव्हे आणि बीही नव्हे, अशी कावीळ होते. तो विषाणू ओळखला गेला १९८९ साली. (या कामासाठी ऑल्टर, हाउटन व राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.) आपल्या देशात रक्तपेढ्यांना ही तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. मावशीचे मोठे ऑपरेशन झाले ते त्याआधी, आणि तेव्हा तिला दोन बाटल्या रक्त चढवले होते. बाकी वाचकांनी ताडावे.

दुसरी वाट सुईची. आपल्या खेड्यांत 'सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही' ही समजूत फार जुनी आहे. एकच सुई अनेकांना वापरली तर काय होते, हे इजिप्तने भोगले. १९५० नंतर तेथे बिल्हार्झिया या रोगावर गावोगाव इंजेक्शने दिली गेली. सुया नीट निर्जंतुक होत नव्हत्या, आणि एक रोग हटवताना दुसरा घरोघर पोहोचला. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली पुन्हा वापरलेल्या सुयांमुळेच 'बी' काविळीची साथ आली व कित्येक माणसे दगावली. म्हणून सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच कसला? डॉक्टर रागावले तरी चालेल. नशेसाठी एकच सुई अनेकांनी वापरणे हा तर आज जगभर या रोगाचा मोठा मार्ग आहे.

जत्रेत एकाच सुईने गोंदणे, न्हाव्याकडचे जुने पाते, दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश यांतही धोका असतो. वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू काही दिवस टिकून राहतो. बाधित आईकडून बाळाला लागण शंभरात पाच-सहा वेळा होते. शरीरसंबंधातून ती होऊ शकते, पण क्वचित. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, आईच्या दुधाने ती होत नाही.

या रोगाची खोड अशी की तो बोलत नाही. बहुतेकांना लागण झाल्याचे कळतही नाही, डोळे पिवळे होतच नाहीत. मग वीस-पंचवीस वर्षांनी यकृत आक्रसते किंवा त्यात कर्करोग होतो. मावशीचे डोळे पिवळे झाले तेव्हा यकृत बरेच खराब झालेले होते, आणि त्यानंतरचे काही महिने माळेत गेले.

या रोगावर लस नाही, औषध मात्र आहे. बहुधा बारा आठवडे, काहींना चोवीस आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरात पंचाण्णव जण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषध सरकारी केंद्रांतून मोफत मिळते. मावशीने चोवीस आठवडे गोळ्या घेतल्या. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्त तपासले, विषाणू आढळला नाही. यकृतासाठी तिला दर सहा महिन्यांनी दाखवायला जावे लागते ते वेगळेच. एकदा बरे झालेल्यालाही दूषित सुई टोचली तर पुन्हा लागण होते, हे डॉक्टरांनी तिला बजावले आहे.